अण्णाचा निकाल आम्हाला नळावर कळला – कोर्टात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कोण विचारतं? (सोलापूर)

पूर्वभागातली

नमस्कार मंडळी. मी इथं जास्त करून वाचणारी, लिहिलं असेल तर शेंगाचटणीच्या धाग्यावर एकदाच, तेही भांडायला. आज जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णाच म्हणायचो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. २०१६ मध्ये रात्रपाळी सुटल्यावर देण्याघेण्यावरून दोघांनी मारलं त्याला. सिव्हिलला दोन दिवस होता, तिसऱ्या दिवशी गेला. केस खुनाची लागली, माणसं सापडली, चार्जशीट गेलं. पुढची चार वर्षं आम्ही तारखा केल्या. त्यातल्या निम्म्या आम्हाला कळल्याच नाहीत आणि ज्या कळल्या त्या दिवशी काही झालं नाही. आई विड्या वळते, एक तारीख म्हणजे एक दिवसाचा माल बुडाला, कारण सूप मांडीवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात काय बसता येत नाही. आणि त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर, त्या दोघांपैकी जामिनावर असलेला एकजण त्याच्या मामाला घेऊन बसायचा. आई उभी राहायची. कुणी उभं राहा म्हणलं नव्हतं, बसणार कुठं.

२०२० च्या फेब्रुवारीत निकाल लागला. आम्हाला चार दिवसांनी कळला. आई नळावर गेली होती, गल्लीतल्या एका बाईनं विचारलं, "पाचच वर्षं का ओ झाली?" आई म्हणाली, कशाची पाच वर्षं?

खून धरला नाही, कलम ३०४ भाग दोन धरलं, म्हणजे मारायचा इरादा नव्हता पण जीव जाऊ शकतो हे माहीत होतं. पाच वर्षं, आणि दंडातले पाच हजार वहिनीला. आतमध्ये आधीच काढलेले दिवस वजा होतात ते वेगळंच. मी निकालाची नक्कल काढायला गेले तर खिडकीवरच्या माणसानं विचारलं, तुम्ही केसमध्ये कोण? म्हणलं बहीण. "ते कळलं हो ताई, पण केसमध्ये कोण?" कागदावर महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक. त्यात आम्ही नव्हतोच. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नक्कल मिळाली ती इंग्रजीत, घरात आई तेलुगू, वहिनी तेलुगू, मी मराठी शाळेतली. पहिल्यांदा ती कुणी वाचून दाखवली तर झेरॉक्सवाल्यानं.

आता मुद्दा. गेल्या दोन वर्षांत अशी आम्ही सात-आठ घरं एकमेकांना ओळखायला लागलोय, कोर्टातच ओळख. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. करतो काय, तर नवीन घर आलं की त्यांच्याबरोबर जाऊन बसतो, तारीख वहीत लिहितो, दुसऱ्याला फोन करतो. आता एक निवेदन द्यायचंय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि कलेक्टरला. त्यात काय मागायचं यावर आमच्यातच एकमत होईना. निम्मे म्हणतात कडक शिक्षा मागा. मला वाटतंय आधी हे मागावं की आम्हाला सांगा आणि एकदा विचारा. तुम्ही काय म्हणता? कायदा माहीत असणाऱ्यांनी चुका दाखवा प्लीज.

हुरडापार्टी

ताई वाचून गप्प झालो. नळावर कळलं हे वाक्य डोक्यातून जाईना. सोमवारनंतर सवडीनं लिहितो.

बेधडक_बार्शी

कसली निवेदनं घेऊन बसलाय. चौकात लटकवा दोन-चार, आपोआप सुधारतील. २०२१ ला शक्ती कायदा केला होता की विधिमंडळात, फाशीची तरतूद होती त्यात, कुठं गेला? राष्ट्रपतींची सही झालीच नाही. हेच आपलं दुर्दैव. पीडितांचे हक्क म्हणजे एकच, आरोपीला फाशी. बाकी सगळं वकिलांचं दुकान.

निवृत्त_शिरस्तेदार

मी तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, सोलापुरात नाही, दुसऱ्या जिल्ह्यात, तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूनं दोन शब्द लिहितो. ताईंनी त्या माणसाला वाईट म्हणलं नाही याबद्दल आभार, सहसा आम्हाला शिव्याच मिळतात.

असं का होतं ते सांगतो. फौजदारी खटला सरकार चालवतं. घरच्यांपैकी जो साक्षीदार असेल त्याला त्याच्या साक्षीपुरतं समन्स जातं. साक्ष झाली की त्याचं काम संपलं, नंतर त्याला कळवायचं हे कुणाच्याच टेबलावर लिहिलेलं नाही. पैरवीचा हवालदार असतो पण त्याच्याकडं केसेस किती, तो साक्षीदार आणतानाच मेटाकुटीला येतो. आरोपीला मात्र निकालाला हजर राहावंच लागतं, कैद झाली तर त्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते, आणि दोषी धरल्यावर शिक्षेबद्दल तुला काय म्हणायचंय हे न्यायाधीश विचारतात, विचारलं नाही तर वरच्या कोर्टात तो मुद्दा होतो. ते बरोबरच आहे, त्याचं आयुष्य पणाला लागलेलं असतं. पण त्याच वेळी मागच्या बाकावर मेलेल्याची आई असली तर तिला विचारायचं नेहमीच्या फौजदारी कायद्यात लिहिलेलं नाही. मी तीस वर्षं बघितलं आणि मला कधी खटकलंही नाही, आज हा धागा वाचून खटकलं, खोटं कशाला बोलू.

ताई, तुमच्याकडं सीएनआर नंबर आहे का? सोळा अंक-अक्षरांचा असतो, प्रत्येक केसचा वेगळा. ई-कोर्टच्या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, निकाल, सगळं दिसतं. पैसे लागत नाहीत. तुमच्या वहीत प्रत्येक घरापुढं तो नंबर लिहून ठेवा.

पूर्वभागातली

काका, तो नंबर आम्हाला कळला २०२१ मध्ये, निकालानंतर! आता वहीत पहिल्या पानावर तेच आहे. निवेदनात हेच पहिलं घालायचं म्हणते मी, चार्जशीट झालं की एका चिठ्ठीवर तो नंबर लिहून घरच्यांच्या हातात द्या. एवढंच. याला ना कायदा बदलायला लागतो ना बजेट.

बिनकोटाचा_वकील

प्रॅक्टिस करतो, कुठं ते सांगत नाही. काही गोष्टी कायद्यात आधीच आहेत, त्या मागायच्या नाहीत, वापरायच्या आहेत. निवेदनात आहे तेच मागितलं की साहेब लोक "तरतूद आहे" असं लिहून फाईल बंद करतात, म्हणून सांगतो.

फौजदारी केस कशी चालवायची तो जुना कायदा सीआरपीसी, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी बीएनएसएस आली. तिच्या कलम १९३ मध्ये पोलिसांनी तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, फोनवर मेसेज केला तरी चालतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट. पीडिताचा वकील असेल तर चार्जशीटची कागदपत्रं त्यालाही मिळतात, कलम २३०. सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर कोर्टानं आधी पीडिताचं ऐकायचं, कलम ३६०. आणि 'पीडित' म्हणजे ज्याला मार बसला तोच नाही, त्याचे पालक, वारस पण त्यात येतात, त्यामुळं ताई, खिडकीवर पुन्हा कुणी विचारलं केसमध्ये कोण तर सांगा, पीडित.

आता तुमच्या केसचं. अपील केलं का? २००९ च्या शेवटी सीआरपीसीच्या ३७२ ला एक जोड आली, पीडिताला तीन गोष्टींवर स्वतः अपील करता येतं: आरोपी सुटला, मोठ्या गुन्ह्याऐवजी छोट्या गुन्ह्यात दोषी धरला, किंवा भरपाई कमी दिली. तुमचं दुसऱ्यात बसतं, खुनाच्या ३०२ ऐवजी ३०४. नवीन कायद्यात तेच ४१३ मध्ये आहे. आरोपी सुटला असेल तर त्याविरुद्ध पीडिताला आधी परवानगी मागायचीही गरज नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मल्लिकार्जुन कोडगली केसमध्ये सांगितलंय.

पण चौथी गोष्ट त्यात नाही आणि तीच लोकांना सगळ्यात जास्त हवी असते. गुन्हा बरोबर धरला पण शिक्षा कमी दिली, तर पीडिताला अपील नाही. तो हक्क फक्त सरकारला. २०२० ला परविंदर कंसल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. शिक्षेबाबत काही मागायचंच असेल तर हे मागा.

पूर्वभागातली

केलंय अपील, २०२१ मध्ये, उशीर माफ करून घेऊन. उशीर का झाला या अर्जात लिहिलं होतं की निकाल कळलाच नाही, ते वाचताना मलाच लाज वाटत होती, कुणाला खरं वाटेल असं. मुंबईला होतं, मी दोनदा गेले, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर थांबायचं, नंबर यायचा नाही, रात्री परत. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं ना, त्यात सोलापूर जिल्हा आहे, आता आमचं तिकडं आलंय. लोक म्हणतात काय फरक पडतो. पडतो ओ. आईला एकदा तरी नेता येईल.

हायवेकाठचा

माझं वेगळं आहे, इथं बसतं का बघा. वडील हैदराबाद हायवेला बोरामणीच्या पुढं सायकलवर होते, गाडीनं उडवलं आणि गाडी गेली. नंबर नाही काही नाही. तीन महिने झाले, पोलीस म्हणायलेत सापडली की कळवतो. आरोपीच नाही तर आम्ही पीडित तरी कसले?

बिनकोटाचा_वकील

बसतं दादा. गाडी न सापडलेल्या अपघातासाठी मोटार वाहन कायद्याच्या १६१ खाली केंद्राची योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार. मृत्यूला आधी पंचवीस हजारच होते. अर्ज तुमच्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडं, ते चौकशी करून कलेक्टरकडं पाठवतात. एफआयआर, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, वारसाचा पुरावा, बँकेचं पासबुक तयार ठेवा. उद्याच जा, योजनेचं नाव सांगा, कारण समोरच्याला माहीत असेलच असं नाही. शिवाय आरोपी सापडला नाही तरी पीडित नुकसानभरपाई योजनेत अर्ज करता येतो, तो विधी सेवा प्राधिकरणाकडं, बीएनएसएस ३९६, पण एकाच गोष्टीचे दोनदा मिळत नाहीत हे लक्षात ठेवा.

हायवेकाठचा

तीन महिन्यांत हे मला एकानंही सांगितलं नाही. ठाण्यात पाच वेळा गेलोय. धन्यवाद मालक.

बेधडक_बार्शी

बघा, माणूस मेला तर दोन लाख घ्या आणि गप बसा. पळून गेलेल्याला दहा वर्षं केली होती ना नवीन कायद्यात, ट्रकवाल्यांनी संप केला २०२४ च्या जानेवारीत आणि सरकारनं ते कलम गुंडाळून ठेवलं. कडक कायदा पाहिजे म्हणतो ते याच्यासाठी.

हुरडापार्टी

बार्शीकर, तुमचा राग समजतो, पण जरा शांतपणे. नवीन न्याय संहितेतल्या १०६ चं दुसरं पोटकलम, पळून जाणाऱ्याचं, अंमलात आणलं नाही हे खरं, पण पहिलं आहे की, निष्काळजीपणानं मृत्यूला जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षं होती ती पाच झाली. आता मला सांगा, दोनची पाच केल्यानं यांच्या वडिलांना उडवलेली गाडी सापडली का? शिक्षा कितीही लिहा, गाडी सापडायला हायवेवरचे कॅमेरे चालू लागतात आणि तपास करायला माणूस लागतो. पन्नास वर्षं लिहिली असती तरी या दादांच्या घरात फरक शून्य.

आणि चौकात लटकवायचं म्हणताय तर आपल्या गावात कुठल्या चौकात ते पण सांगा. चार हुतात्मा चौकात? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा. ते पण रीतसर खटला चालवून, रीतसर पोलीस मारल्याचा आरोप ठेवून, रीतसर फाशीच होती. आपण दरवर्षी हार घालतो. इंग्रजांचं राज्य होतं म्हणाल, मान्य, मी तुलना करत नाही, पण फाशी झाली म्हणजे गुन्हेगारच होता असं या गावात तरी कुणी म्हणू नये.

बेधडक_बार्शी

हुतात्म्यांना मधे आणू नका. विषय काय, चाललंय काय.

सेटलमेंटचा

मधे आणायचं नाही तर मी दुसरं आणतो. मी सेटलमेंटमधला. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली. माझा आजा त्यात वाढला. रोज हजेरी. गुन्हा काय, तर जन्म. कायदा रद्द झाला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही 'विमुक्त' झालो, आजही गल्लीत चोरी झाली की पहिली गाडी आमच्या दारात येते. तेव्हा कुणी कडक कायदा म्हणलं की आमच्यात म्हातारी माणसं आधी दार लावून घेतात.

ताईंच्या धाग्यावर हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं माझं. म्हणलं आरोपीची बाजू घ्यायला आला असं वाटायचं. पण आम्ही दोन्हीकडं आहोत ओ. २०१८ ला १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं, ते पाचही डवरी गोसावी, भिक्षेकरी, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढा कुठं, धुळं कुठं. पोट भरायला पालं घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या विधवेनं खटल्याच्या तारखा कुठल्या पत्त्यावर घ्यायच्या? नवीन कायद्यात जमावानं मारण्याला वेगळं कलम आलं, फाशी किंवा जन्मठेप, छान झालं. पण त्या बायकांचा प्रश्न पत्त्याचा आहे.

आणि दुसरी एक केस सांगतो, बार्शीचे दादा जरूर वाचा. २००३ ला महाराष्ट्रात एका कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सहाही जणांना एकदा सुप्रीम कोर्टानं फाशीच दिली होती. मग पुन्हा सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ ला सहाही निर्दोष, सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत. सोळा वर्षं गेली. वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्या मागं कुणी गेलंच नाही. म्हणजे बघा, त्या बाईचं ऐकलं असतं तर आमची सहा पोरं पण वाचली असती आणि तिला खरे आरोपी पण मिळाले असते. पीडिताचं ऐका आणि निरपराधाला सोडवा ही एकच मागणी आहे त्या केसमध्ये, दोन नाहीत.

पूर्वभागातली

दादा, बरं झालं लिहिलं. आमच्या गटात पण हे बोलणं झालं नव्हतं. तुमच्याकडची कुणी बाई आमच्याबरोबर येईल का बसायला? पत्त्याचा मुद्दा वहीत लिहून घेतलाय, ज्यांना कायमचा पत्ता नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर किंवा विधी सेवेच्या ऑफिसात निरोप.

बेधडक_बार्शी

२०१९ च्या निकालाचं मला माहीत नव्हतं. वाचलं आत्ता. सहाही जणांना. अवघड आहे.

पण माझं मत पूर्ण बदललं असं समजू नका. आमच्या घरात पण एक झालंय, मी इथं लिहिणार नाही. शिक्षा झाली आणि तो फर्लोवर, म्हणजे तुरुंगातनं सुट्टीवर, गावात आला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत दिसला माझ्या बहिणीला. तिला चक्कर आली. कुणी सांगितलं असतं की येणाराय पंधरा दिवस तर ती गेली नसती यात्रेला. म्हणून राग येतो.

हुरडापार्टी

मी मागं जरा टोचून बोललो, माफ करा.

निवृत्त_शिरस्तेदार

बार्शीकर, तुम्ही राग म्हणून लिहिलंत पण तीच एक नेमकी मागणी आहे. कैदी पॅरोलवर, फर्लोवर सुटतो तेव्हा स्थानिक पोलिसांना माहिती असते. ती पीडिताच्या घरी पोचवायची एवढंच. शिक्षामाफीचं तसंच. जन्मठेपवाल्याला मुदतीआधी सोडायचं असेल तर सरकार शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांचं मत मागवू शकतं, घरच्यांना कळवतं का? गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणात शिक्षा झालेले अकरा जण सुटल्याचं बाहेर येऊन हार घातल्यावर जगाला कळलं. सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२४ ला ती माफी रद्द केली, आणि माफीचा निर्णय गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा होता असं सांगितलं, कारण खटला इथं चालला होता. म्हणजे असा अर्ज उद्या आपल्याच मंत्रालयात येऊ शकतो.

[संचालक]

वरचा एक प्रतिसाद उडवलाय. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही, गावाचं नाव, शाळेचं नाव, नातं, लिहू नका. तो स्वतःच गुन्हा आहे. आरोपींची नावंही नकोत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

बिनकोटाचा_वकील

आता ताईंच्या मूळ मुद्द्यावर माझा एक विरोध आहे, तो पण नोंदवतो, नाहीतर सगळेच हो ला हो.

शिक्षा ठरवण्याआधी पीडिताचं ऐकावं म्हणताय. ऐकायला काय जातं असं वाटतं. पण समजा दोन सारखेच गुन्हे. एका घरात बोलणारी, शिकलेली बहीण आहे, ती कोर्टात उभी राहून सगळ्यांना रडवते. दुसऱ्या घरात कुणीच नाही, मेलेला एकटा हमाल. पहिल्या आरोपीला दहा आणि दुसऱ्याला पाच? मेलेल्याची किंमत त्याच्या नातेवाइकांच्या बोलण्यावर? आपल्याकडं मुळात शिक्षा किती द्यायची याची ठरलेली पद्धतच नाही. कलमात 'दहा वर्षांपर्यंत' लिहिलेलं असतं, त्यात सहा महिने पण बसतात आणि दहा वर्षं पण. फौजदारी कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीनं २००३ लाच मार्गदर्शक तत्त्वं करा म्हणलं होतं, २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा केंद्राला शिक्षेबद्दल धोरण ठरवायचा विचार करा म्हणून सांगितलं. त्या आधी आपण त्यात आणखी अश्रू ओतायचे का?

पूर्वभागातली

वकील साहेब, रात्रभर विचार केला यावर. तुमचं बरोबर आहे आणि तरी पटत नाही.

कुणी मला विचारलं असतं की किती वर्षं द्यावी, तर मी काय म्हणाले असते? दहा? चौदा? खरं सांगते, मला नाही माहीत. आई तर म्हणते त्यातल्या धाकट्याला सोडा, त्याला बायकापोरं आहेत. वहिनी म्हणते जन्मात बाहेर नको. एकाच चुलीवर तिघींची तीन मतं. तेव्हा वर्षं आम्ही ठरवायची नाहीत हे मला मान्य आहे, मनापासून.

पण निकालात अण्णाबद्दल काय लिहिलंय माहितीय? "मयत इसम, वय ३४, धंदा मजुरी." आरोपीबद्दल शिक्षेच्या भागात आठ ओळी आहेत, तरुण आहे, आईवडील म्हातारे, पहिलाच गुन्हा, घरात कमावणारा एकटाच. ते सगळं खरं असेल, लिहावंच. पण अण्णा पण घरात कमावणारा एकटाच होता की. त्याच्या दोन पोरी, एक तेव्हा दुसरीत, एक पाळण्यात. हे कुठंच नाही, कारण कुणी विचारलं नाही, म्हणून भरपाई पाच हजार. दुसरीतली आता कॉलेजला जायचं म्हणायलीय. मला रडायचं नव्हतं ओ कोर्टात, मला ही दोन वाक्यं सांगायची होती.

बिनकोटाचा_वकील

हे मान्य. मग तुमची मागणी अशी लिहा, भावनेचं भाषण नको, अहवाल पाहिजे. दिल्ली हायकोर्टानं २०२० ला करण नावाच्या केसमध्ये हे केलंय. आरोपी दोषी ठरला की विधी सेवा प्राधिकरण पीडिताच्या घरी काय नुकसान झालं, कोण अवलंबून आहे, आरोपीची ऐपत किती, याची चौकशी करून कोर्टाला अहवाल देणार आणि त्यावर भरपाई ठरणार, असं त्यात सांगितलं होतं. घरात कुणी बोलणारं नसलं तरी अहवाल येतोच, म्हणजे माझ्या हमालाचा प्रश्न सुटला. ते दिल्लीपुरतं होतं, आपल्याकडं लागू नाही, पण मागायला चांगला आधार. आणि महाराष्ट्रातलीच केस, अंकुश शिवाजी गायकवाड, २०१३: भरपाई द्यायची का नाही यावर कोर्टानं विचार केलाच पाहिजे, नाही दिली तर कारण लिहिलं पाहिजे. तुमच्या कोल्हापूरच्या अपिलात हा मुद्दा घेतलाय का बघा. वकील परवडत नसेल तर बाई म्हणून तुम्हाला विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कारखान्यातला कामगार पण त्यात येतो, एससी-एसटी पण येतात. टोल फ्री १५१००.

सेटलमेंटचा

एससी-एसटीवरनं आठवलं, अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून १५-अ कलम आहे. जामिनाच्या सुनावणीची सुद्धा नोटीस पीडिताला द्यायलाच लागते, कोर्टात यायचा प्रवासखर्च मिळतो. म्हणजे करायचं म्हणलं तर करता येतं की. एका कायद्यात आहे तेच सगळ्यांना द्या म्हणा, नवीन काय शोधायला नको.

पूर्वभागातली

हे सगळ्यात भारी सापडलं दादा, आमच्याकडं हे कुणालाच माहीत नव्हतं.

बरं, तर मसुदा असा होतोय, मी मोबाईलवरच टाइप करतेय, शुद्धलेखन कुणीतरी बघा. चार्जशीटबरोबर सीएनआर नंबरची चिठ्ठी. निकालाच्या तारखेचा मेसेज घरच्यांना, मराठीत, आणि निकालातला शिक्षेचा भाग तरी मराठीत. जामीन, पॅरोल, फर्लो, माफी यातलं काहीही झालं तर आधी कळवणं, १५-अ सारखं. दिल्लीसारखा अहवाल. व्हरांड्यात आमच्यासाठी वेगळा बाक, जमलं तर पाणी. (बाकाला आमच्यातले दोघं हसले. हसू देत.) आणि शेवटी सरकारकडं पाठवायला, शिक्षा कमी वाटली तर पीडितालाही अपील, आणि शिक्षेसाठी ठरलेली तत्त्वं, म्हणजे सेटलमेंटच्या दादांना भीती वाटते तसं माणूस बघून कमीजास्त होणार नाही.

फाशीचं घातलं नाही. बार्शीचे दादा, चालेल का?

बेधडक_बार्शी

फर्लोचं घातलंय ना. चालेल. सही करतो. बाकाचं पण राहू द्या, माझी आई पण उभीच असायची.

हायवेकाठचा

अपडेट देतो. तहसीलला गेलो, पहिल्या टेबलावर म्हणले अशी योजना नाही. दुसऱ्या टेबलावर एक मॅडम होत्या, त्यांनी कपाटातनं फॉर्म काढला. धूळ झटकून दिला. वारसाचं एक कागद राहिलंय, गुरुवारी परत बोलावलंय. ताई, मी पण येतो सह्यांना. कुठं यायचं?

हुरडापार्टी

मी कुंभारीच्या विडी घरकुलात दोन कागद फिरवतो, माझी मावशी तिथं असते, अंगठे पण चालतील ना?

पूर्वभागातली

अंगठे चालतात, फक्त बाजूला नाव आणि साक्षीदाराची सही घ्या काका, नाहीतर कुणीतरी म्हणेल सगळे अंगठे एकाच बाईचे.

बुधवारी या. आमच्यातल्या एका नवीन घराची साक्ष आहे, पोरगी एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच कोर्टात येतेय आणि परवापासनं जेवली नाही, तिच्याबरोबर आम्ही चौघी बसणार आहोत. साडेदहाला गेटच्या आत. पुकारा कधी होईल सांगता येत नाही, अकरालाही होईल नाहीतर चारला. डबा आणा. आई भाकरी आणि शेंगाचटणी देणाराय सगळ्यांपुरती, तेव्हा त्या जुन्या धाग्यावरचं भांडण तिथंच मिटवून टाकू.